काचेपलीकडचं दालन

घरात तिला सगळे ठकू म्हणत. कचेरीत मात्र ती तपास अधिकारी होती आणि तिच्या शब्दाला वजन होतं. बाजारात कुणी एकटाच धनी होऊन बसू नये आणि गिऱ्हाइकाची कोंडी होऊ नये, यावर डोळा ठेवणारी ती कचेरी. त्या वर्षी तिच्या टेबलावर आलेलं प्रकरण साऱ्या देशाच्या तोंडी होतं. इंटरनेटवर माहिती शोधून देणाऱ्या दोनच बड्या कंपन्या उरल्या होत्या, आणि मोठीनं लहानीला विकत घ्यायचं ठरवलं होतं. कचेरीत त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत.

अडचण अशी की ठकूचा सख्खा दादा धाकटीत होता. धाकटीची यंत्रं ज्या दालनात चालत, त्या दालनाचा प्रमुखच. पहिल्याच दिवशी तिनं हे साहेबांच्या कानावर घातलं.

साहेब म्हणाले, "त्याला काय विचारायचं ते मी विचारीन. तेव्हा तू तोंड उघडायचं नाहीस. बाकी काम चालू दे."

घरीही बहीणभावांनी कामाचा विषय टाळायचं ठरवलं. रविवारी जेवायला जमले की दोघं हवापाण्यावर बोलत. वहिनी म्हणायची, "तुमच्या दोघांच्या मधे बसून मला हवामान खात्यात नोकरी लागल्यासारखं वाटतं." दादा हसायचा, पण अलीकडे ते हसू ओठांवरच राहायचं. नोकरीच्या काळजीनं तो खंगलाय, असं ठकूला वाटे.

सुनावणीत दोन्हीकडचे वकील एकच पालुपद आळवत. दोघींची यंत्रं वेगळी, शोधायची पद्धत वेगळी, माणसं वेगळी. उद्या एक झाल्या तरी धाकटीचा शोध स्वतंत्रच चालेल, तशी हमी देतो. साहेब हळूहळू त्या बाजूला झुकू लागले होते. ठकूच्या मनाला पटत नव्हतं, पण नेमकं बोट कुठं ठेवावं ते कळत नव्हतं.

"ज्याची हमी घ्यायची, ते एकदा डोळ्यांनी बघून तरी येऊ," ती म्हणाली.

आधी कळवायचं बंधन कचेरीवर नव्हतं. एका सकाळी ती आणि साहेब सरळ धाकटीच्या दारात जाऊन उभे राहिले.

व्यवस्थापकाची तारांबळ उडाली, तरी तोंडभर हसत तो त्यांना पाहुण्यांच्या सज्जात घेऊन गेला. मोठ्या काचेपलीकडे माणसाहून उंच कपाटांची रांग होती. त्यांवर हिरवे दिवे लुकलुकत होते. साहेबांनी समाधानानं मान हलवली आणि ते परत फिरले. ठकू मात्र काचेजवळच रेंगाळली. दिवे सगळीकडे सारख्याच ठेक्यात उघडमीट करत होते, लग्नाच्या मांडवावरच्या माळेसारखे.

"आत जायचंय," ती म्हणाली.

"आत फार गारठा असतो, मॅडम."

"स्वेटर आहे माझ्याकडे."

व्यवस्थापकानं चार ठिकाणी फोन फिरवले. शेवटी दार आतूनच उघडलं. दारात दादा उभा होता. बहिणीकडे न बघता तो म्हणाला, "या, साहेब."

ती रांग ओलांडून ठकू पलीकडे गेली.

मागे काहीच नव्हतं. फुटबॉलचं मैदान मावेल एवढं दालन, आणि रिकामं. फरशीवर कपाटांच्या पायांचे चौकोनी डाग होते, छतातून तोडलेल्या वायरींची टोकं लोंबत होती. कोपऱ्यात कुणीतरी खुर्ची टाकून ठेवली होती, शेजारी पाण्याची बाटली. गार वारा तेवढा पूर्वीसारखाच सुटला होता, कशालाही थंड न करता. कॉलेजात असताना दादानं तिला एकदा इथं आणलं होतं, तेव्हा यंत्रांच्या घरघरीत एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. आता साहेबांच्या बुटांचा आवाज भिंतीवर आपटून परत येत होता.

साहेब दालनाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, "यंत्रं कुठं आहेत?"

"मोडीत काढली," दादा म्हणाला.

व्यवस्थापक मधे काही बोलू गेला. साहेबांनी त्याला हातानंच गप्प केलं.

"मग लोक तुमच्याकडे येऊन काही शोधतात, त्याचं काय होतं?"

"ते थोरलीकडे जातं. तिथून उत्तर येतं, आम्ही त्याला आमचा रंग लावतो आणि पुढे देतो."

"कधीपासून?"

"मागच्या वर्षापासून. तुमच्याकडे अर्ज यायच्या आधीपासून."

 परवानगी द्यावी की नाही यावर कचेरी इतके महिने डोकं फोडत होती, आणि लग्न केव्हाच उरकलं होतं. देशाला वाटत होतं, एकीनं लपवलं तर दुसरी दाखवील. दुसरी उरलीच नव्हती. आणि ठकूचा दादा रोज डबा घेऊन या रिकाम्या खोलीत येऊन बसत होता. तिला ओरडून विचारायचं होतं, पण साहेबांना दिलेला शब्द होता. ती स्वेटरच्या बाह्यांत मुठी आवळून उभी राहिली.

साहेबांनी दादाचा जबाब तिथंच नोंदवून घेतला. त्यानं काही हातचं राखलं नाही.

कचेरीनं विलीनीकरण नाकारलं, दोन्ही कंपन्यांना जबर दंड ठोकला आणि धाकटीला पुन्हा स्वतंत्र करायचा हुकूम काढला. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. दादानं राजीनामा दिला. ठकू कित्येक रविवार तिकडे फिरकली नाही. शेवटी वहिनीनंच फोन केला. "तो जेवत नाही गं. तू रागाव, पण समोर येऊन रागाव."

ती गेली. दादा खिडकीपाशी बसला होता.

"मला एका शब्दानं सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझ्या हाताखालची सगळी माणसं रस्त्यावर आली असती. मला वाटायचं, तुम्ही येऊन बघाल. रोज वाटायचं. लोक यायचे, काचेतून बघून जायचे."

ती त्याच्याजवळ बसली. राग होता, पण तो कुणावर काढावा ते तिला समजेना.

"हुकूम तर निघालाय, दादा. आता पुन्हा उभी करतील ना धाकटी?"

"कशातून?" तो म्हणाला. "जगभरातल्या माहितीचं वीस वर्षं वेचून जमवलेलं भांडार होतं त्या यंत्रांत. ते पुसून टाकलंय. यंत्रं विकत मिळतील, ठकू. ते नाही मिळणार."

वहिनीनं जेवायला हाक मारली. दोघंही उठली नाहीत.