माझ्या पोटातली दोन बिऱ्हाडे

मी एक जुना गेटवे आहे. मित्रांनो, नाव भारदस्त असले तरी अंगाने मी साबणाच्या वडीएवढाच. घरातले दिवे, पंखे आणि पाण्याची मोटार माझे ऐकतात, आणि मी मोबाइलवरच्या एका पानाचे ऐकतो. त्या पानावर बोट ठेवले की मोटार सुरू. मात्र ते पान कोणीतरी संगणकाच्या भाषेत लिहून माझ्या पोटात ठेवावे लागते. कोणती भाषा, हे मला कोणी विचारत नाही.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा चौसष्ट एमबी मेमरी म्हणजे श्रीमंती होती. पुण्याला दिपकच्या खोलीत मी राबलो, त्याच्या मित्रांनी माझे कौतुकही केले. मग नवा डबा आला आणि माझी रवानगी मोज्यांच्या खणात झाली. तिथल्या हवेविषयी मी बोलणार नाही.

पुढे कळमनुरीजवळच्या तांड्यावर दिपकच्या आजीचे, जिवनबाईंचे, गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि माझे नशीब उघडले. दिवसा सगळे हळद काढायला रानात. मग खाटेवरून उठून मोटार लावणार कोण? म्हणून दिपकने मला खणातून काढून तांड्यावर आणले.

"आजी, रविवारपर्यंत ह्या डब्याचं जमलं न्हाई, तर तू माझ्यासंगं पुण्याला," दिपक म्हणाला.

"तिसऱ्या मजल्यावर राहायला मी कबुतर हाय व्हय?" जिवनबाई म्हणाल्या. तांडा सोडायचा नव्हता त्यांना.

पान पायथन नावाच्या भाषेत लिहायचे, असा दिपकचा हट्ट. "सारं जग त्यातच लिहून राहिलं."

नांदेडला शिकलेली त्याची बहीण पुजा लुआ ह्या दुसऱ्या भाषेवर अडून बसली. "जग मोठं हाय दादा, डबा लहान हाय. लुआ इवलीशी, ह्याच्यात मावते."

भांडण आजोबांकडे गेले. हिरासिंग तांड्याचे नाईक. बांधाचे तंटे मिटवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पायथन कशाशी खातात, हे त्यांनी विचारले नाही. न्यायाला त्याची गरज नसते.

"दोघंबी माझेच लेकरं. निम्मं हिचं, निम्मं त्याचं. बराबर?"

निवाडा बिनतोड होता. फक्त वाटणी माझ्या पोटाची होती. पासवर्ड विचारायचे काम पायथनला मिळाले, बटणे लुआला. पायथन सगळा गोतावळा घेऊन आला आणि पाय पसरून बसला. लुआला कोपराही उरला नाही. शनिवारी वीज गेली, परत आली. मी उठायला लागलो आणि मध्येच गुदमरलो. मोबाइलवर नुसते चक्र फिरत होते. टाकी कोरडी.

जिवनबाईंनी बराच वेळ वाट पाहिली. मग म्हणाल्या, "पुजा, माझी पेटी काढ."

"आजोबा, ह्या डब्यात दोन बिऱ्हाडं न्हाई मावत," पुजा म्हणाली.

आजोबांनी पेटीकडे पाहिले. त्यांनी दिलेला निवाडा फिरवल्याचे तांड्यात कोणालाच आठवत नव्हते.

"दिपक, तुझं उचल."

"काहून? न्याव झाला ना आजोबा?"

"न्याव बांधाचा व्हता. बायको माझी हाय."

पायथन गेला. मी मोकळा श्वास घेतला. पुजाने लुआमध्येच सारे पान लिहिले: पासवर्ड आणि चार ठळक बटणे, नक्षी अजिबात नाही. आता वीज आली की चहाला उकळी फुटण्याआधी मी कामावर हजर असतो.

रविवारी दुपारी दिपक पंख्याखाली घोरत होता. जिवनबाईंनी खाटेवरूनच मोबाइलवर बोट टेकवले आणि पंखा थांबला.

"ऊठ रं पोरा. तुझी पुण्याची गाडी चुकंल."

मित्रांनो, जुन्या यंत्रावर काम टाकण्याआधी त्याच्या पोटाचा अंदाज घ्या. अधूनमधून धूळ पुसा. झेपेल तेवढेच माझ्यात लिहा, बाकीचे मी पाहून घेतो.