सात सेकंदांची टोपली

चार वाजायला चार मिनिटं होती आणि मास्तरीणबाईंच्या हातातला कागद वाऱ्याविना हलत होता.

"पंखा बंद करू का?" आमच्या निवेदकाने विचारलं.

"पंखा नाहीच आहे इथे," मी म्हणाले.

"मग कागद कसा काय हलतोय?"

मास्तरीणबाई हसल्या. हसल्या तसा कागद थांबला. निवेदकाची हीच खुबी. गळा मधाचा, जीभ मिरचीची, आणि पाहुण्याचा जीव कुठे अडकलाय ते त्याला बरोबर कळतं.

मी काचेच्या अलीकडे बसते. पलीकडे माईक, निवेदक आणि पाहुणा. अलीकडे मी, बारा फोनचे बारा दिवे आणि एक लाल बटण. आमच्या रेडिओवर चार ते पाच या वेळात लोक फोन करून थेट बोलतात. थेट म्हणजे अगदी थेट नाही. बोललेला शब्द आधी यंत्राच्या पोटात पडतो, सात सेकंद तिथे बसतो आणि मग शहरभर सुटतो. आम्ही त्याला टोपली म्हणतो. कुणी शिवी हासडली, कुणी मारझोडीची भाषा केली, की मी बटण दाबायचं. टोपलीतलं सगळं केरात. ऐकणाऱ्याला वाटतं आवाज जरा अडखळला, बस. मात्र टोपली एकदा रिकामी झाली की पुन्हा भरायला चार-पाच मिनिटं लागतात. तेवढा वेळ गाणं लावायचं हा नियम. कारण रिकाम्या टोपलीवर माईक उघडा ठेवणं म्हणजे कठडा नसलेल्या विहिरीपाशी पोरं खेळायला सोडणं.

चौदा वर्षं मी हे बटण सांभाळतेय. ही नोकरी मिळाली तेव्हा अब्बा म्हणाले होते, बाईमाणसाचा आवाज गावभर कशाला? तेव्हा माझा मोठा भाऊ मध्ये पडला. "तिचा आवाज कुठे जातोय, अब्बा? ती नुसती बटण दाबणार." अब्बांना ते पटलं. त्यामुळे चौदा वर्षांत माझा एक शब्दही हवेत गेलेला नाही.

आता मास्तरीणबाईंचं सांगते. त्या आमच्याच मोहल्ल्यातल्या, मुलींच्या शाळेत भाषा शिकवतात. बायकांना आत जागा नसलेल्या मशिदीसमोरून रोज जातायेता त्यांना एक कविता सुचली आणि ती त्यांनी शाळेच्या कार्यक्रमात म्हटली. कुणीतरी तिच्या पहिल्या दोन ओळी फोनवर टिपल्या आणि सोडून दिल्या:

तुझ्या दारात चपलांची रांग,
माझ्या चपलेची जागा सांग.

झालं. आमच्यातले काही म्हणाले, ही बाई देवाच्या घराची बदनामी करते. नदीपलीकडच्या काहींनी त्याच दोन ओळी आमच्या बाजाराच्या भिंतीवर रंगवल्या, हात-हात उंच अक्षरात, आम्हाला खिजवायला. दगड पडले, दोन दुकानांच्या काचा गेल्या. पुढची कविता कुणी ऐकलीच नव्हती. मास्तरीणबाईंनी आम्हाला एवढंच कळवलं होतं: "मला ती एकदा पूर्ण वाचू द्या. मग काय व्हायचं ते होऊ दे."

साहेबांनी होकार दिला खरा, पण दुपारीच मला वर बोलावून बजावलं. "शंका आली की दाबायचं. धर्माचं काही वाकडंतिकडं बाहेर गेलं तर हा कार्यक्रम उद्यापासून बंद, आणि बटणावर तू नसशील."

चार वाजले. लाल दिवा लागला.

निवेदकाने दोन वाक्यांत ओळख करून दिली. मास्तरीणबाईंनी कागद सरळ केला आणि वाचायला लागल्या. आवाज पहिल्या शब्दाला कापरा, दुसऱ्याला स्थिर, आणि ओळ संपेपर्यंत जात्यावर बसलेल्या बाईसारखा, आपल्याच लयीत. दोन ओळी झाल्या. बाराच्या बारा फोन पेटले.

"थांबवा," माझ्या कानात साहेब. ते वरून ऐकत होते. "दोन ओळी पुरेत. फोन घ्या."

मी निवेदकाला खूण केली. त्याने तोंड वाकडं केलं, पण फोन घेतला. मास्तरीणबाईंचा कागद पुन्हा हलायला लागला.

पहिला माणूस नदीपलीकडचा. "शाब्बास, बाई. तुमच्या लोकांना चांगलं सुनावलंत."

"मी कुणाला सुनावलं नाही हो," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मी देवाला विचारलं. आमच्या दोघांच्या बोलण्यात तुम्हाला कुणी बोलावलं?"

"नाही, म्हणजे आम्ही तुमच्याच बाजूने..."

"माझ्या बाजूने आहात तर भिंत पुसून टाका. आणि तुमच्या बायकोला एकदा विचारा, तिची चप्पल कुठे असते."

पलीकडे भांडं पडल्यासारखा आवाज झाला आणि फोन बंद. निवेदक टेबलाखाली वाकून हसला. मलाही हसू फुटलं. टोपलीतून ते सगळं सहीसलामत बाहेर गेलं, माझं बोट बटणावर नुसतं टेकलेलं.

दुसरा फोन मी उचलला. फोन हवेत सोडण्याआधी माणसाला चार गोष्टी सांगायच्या असतात: नाव नको, शिवी नको, थोडक्यात बोला, आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची, आपला रेडिओ बंद करा. नाहीतर सात सेकंदांनी माणसाला स्वतःचाच आवाज ऐकू येतो आणि भलेभले बोबडे होतात.

"बोला," मी म्हणाले.

"बेबी, मला सोड आत."

माझा भाऊ.

"भाई? तू कशाला?"

"मला बोलायचंय. तू सोडणार की नाही? का घरच्यांना वेगळा कायदा आहे?"

भाई घड्याळं दुरुस्त करतो. मशिदीला लागून दुकान. दुकानात चाळीस घड्याळं आणि एक रेडिओ, तो सकाळपासून आमच्यावरच लावलेला. मला कळेना काय करावं. सोडावं तर भाई तापट, नाही सोडावं तर मीच अन्यायी. काचेपलीकडून निवेदक बोटाने खुणावत होता, पुढचा फोन, पुढचा फोन. मी सोडला. आणि त्या गडबडीत चौथी गोष्ट सांगायची राहून गेली.

"बाई," भाई सुरू झाला, एका दमात, "त्या दारातल्या चपला कोण सांभाळतं ठाऊक आहे तुम्हाला? वीस वर्षं दर शुक्रवारी मी त्या वाकून सरळ करतो. एक जोडी हरवू दिली नाही. आणि त्या रांगेवर आज भिंतीवरून लोक हसतात, तुमच्यामुळे. अशी बाई शाळेत नको. आज संध्याकाळी आम्ही सगळे शाळेवर येतोय, बघतो तुम्हाला कोण वाचवतं ते."

बोट बटणावर टेकलं. हे तर शंकेच्याही पलीकडचं होतं. पण दाबलं की चपलांचंही जाणार, वीस वर्षांचंही. तेवढ्यात फोनमधून, चाळीस घड्याळांच्या टिकटिकीमागून, दुसरा एक आवाज आला. भाईचा रेडिओ बोलत होता.

"बाई, त्या दारातल्या चपला कोण सांभाळतं..."

भाई गप्प झाला. दुकानात माणसं जमली असणार, त्यांच्यासमोर तो स्वतःला ऐकत होता. एक सेकंद. दोन. रेडिओतला आवाज चढत होता, दारात उभं राहून सगळ्या घराला गप्प करणाऱ्या माणसाचा आवाज. तो मला ओळखीचा होता. भाईलाही.

"हे अब्बा बोलतायत की मी?" तो पुटपुटला. आणि मग घाईने, जेवताना मी कितीदा समजावलेलं सगळं आठवून: "बेबी, शाळेचं बोललो ते काढ. चपलांचं राहू दे. लवकर."

मी मनात मोजलं. चपला गेल्या बाहेर. वीस वर्षं गेली बाहेर. भिंत गेली. अशी बाई...

दाबलं.

टोपली रिकामी. शहरभर आवाज जरासा अडखळला. यंत्रावरचा आकडा शून्य झाला. आता माईकमध्ये कुणी श्वास घेतला तरी तो त्याच क्षणी प्रत्येक दुकानात, प्रत्येक घरात.

"गाणं," साहेब कानात ओरडले. "गाणं लाव."

गाण्याचं बटण माझ्या डाव्या हाताशी होतं. हात तिथवर गेला. काचेपलीकडे मास्तरीणबाई कागदाकडे बघत होत्या, परीक्षेत उत्तर येत असून वेळ संपलेल्या मुलीसारख्या. फोनमध्ये भाईचा श्वास. माझी नोकरी, निवेदकाचा कार्यक्रम, भाईची अब्रू, सगळं त्या एका शून्यावर उभं होतं.

मी हात मांडीवर ठेवला.

निवेदकाने शून्य पाहिलं, मला पाहिलं, आणि भुवया टाळूपर्यंत नेल्या. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "बोला, दादा. आता मध्ये कुणी नाही."

"माझं एक वाक्य तुम्हाला ऐकू आलं नाही," भाई म्हणाला. "मी धमकी दिली होती. माझ्या बहिणीने कापली, माझ्याच सांगण्यावरून. बेबी, आहेस ना?"

चौदा वर्षांत मी माझ्या माईकची कळ दाबली नव्हती. ती कडक झाली होती, दोन बोटांनी दाबावी लागली.

"आहे, भाई."

एवढंच. पण ते गेलं. सगळ्या शहरात गेलं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या, आणि साहेब कानात काय म्हणत होते ते मला खरंच ऐकू आलं नाही.

"बाई," भाई म्हणाला, "त्या दोन ओळी मला टोचतात. पण त्या दोनच आहेत की पुढे काही आहे?"

"आहे."

"मग वाचा की. मी दुकान सोडून कुठे चाललोय?"

मास्तरीणबाईंनी कागद खाली ठेवला. त्यांना तो लागणारच नव्हता.

"तुझ्या दारात चपलांची रांग,
माझ्या चपलेची जागा सांग.

दारी वाकतो एक म्हातारा,
उलट्या चपलांना देतो थारा.

धूळ झाडतो, जोडी लावतो,
तुझा पत्ता मला तोच दावतो.

त्यालाच पुसते, भाऊ रे, सांग,
कुठून होते सुरू ही रांग?"

फोनमधून चाळीस घड्याळं ऐकू येत होती, प्रत्येकाची चाल निराळी. आमच्या धंद्यात तीन सेकंद शांतता म्हणजे अपघात. ही पाच सेकंद तरी असेल.

मग भाई म्हणाला, "म्हातारा कुणाला म्हणता? बावन्न वय आहे माझं."

दुकानातली माणसं फिदीफिदी हसली. फोनवर हसली, रेडिओवर हसली, एकाच वेळी. आता मध्ये सात सेकंद नव्हतेच. निवेदकाने तोंडावर हात धरला. मास्तरीणबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मागून काळी दाढी दिसत नाही हो. पाठ तेवढी दिसते."

"पाठ दुखते माझी. वाकून वाकून." मग म्हणाला, "पहिल्या दोन ओळी अजून टोचतात. खोटं नाही बोलणार."

"टोचू द्या. मलाही टोचतात."

"संध्याकाळी शाळेवर मी येणारच आहे. शब्द दिलाय लोकांना. पण विचारायला येईन. ज्याला यायचंय त्याने तोंड घेऊन यावं, हात घरी ठेवावेत. आणि नदीपलीकडून तो मघाचा माणूस आला तर रंगाचा डबा आणि ब्रश आणू दे. भिंत त्यानेच पुसायची."

फोन ठेवला. यंत्रावरचा आकडा हळूहळू वर चढत होता. एक. दीड. दोन.

जिन्यावर बूट वाजले. बूट बाहेर भिरकावून साहेब दार ढकलून आत आले. चेहरा लाल, हातात चष्मा.

"गाणं का नाही लावलंस?"

"कारण ते बोलत होते, साहेब."

"आणि काही भलतंच बाहेर गेलं असतं तर?"

"तर गेलं असतं. माझी चूक झाली असती. रेडिओ बंद करायला सांगायला विसरले, ती तर झालीच आहे."

साहेबांनी पेटलेल्या दिव्यांकडे पाहिलं. बाराच्या बारा. दोन दिवे तर नदीपलीकडच्या नंबरांचे. त्यांनी चष्मा घातला, काढला, पुन्हा घातला.

"नोकरीचं उद्या बघू," ते म्हणाले. "आधी फोन घे. लोक ताटकळलेत."

मी पुढचा उचलला. कुणी म्हातारी बाई होती, मागे तिचा रेडिओ मोठ्याने चालू.

"आजी, आधी तुमचा रेडिओ..." मी म्हणायला लागले. मग म्हटलं, "राहू दे चालू. फक्त हळू करा."

पाच वाजता आम्ही बाहेर आलो. स्टुडिओत गालिचा आहे म्हणून चपला बाहेर काढायच्या असतात. तिथे भाई उभा होता, दुकान अर्धं उघडं टाकून आलेला, भिंग अजून कपाळावर. वाट बघताबघता त्याच्या हातांनी सवयीने काम केलं होतं: निवेदकाच्या सँडल, माझ्या चपला, मास्तरीणबाईंच्या झिजलेल्या टाचांच्या, आणि शेवटी साहेबांचे बूट, सगळे एका ओळीत.

"चला," तो मास्तरीणबाईंना म्हणाला. "शाळेपाशी लोक जमलेत. मी बरोबर असलो म्हणजे बरं. पण तो म्हातारा तेवढा काढा कवितेतून."

"थाऱ्याशी जुळतो तो."

"मग थारा काढा."

"थारा काढला तर उलट्या चपला कुठे जातील?"

"ते मी बघतो. तुम्ही म्हातारा काढा."

दोघं भांडत भांडत रस्त्याला लागले, तो एक पाऊल पुढे, त्या एक पाऊल मागे, मग बरोबरीने. मी चपला पायात सरकवल्या आणि त्यांच्यामागे धावत सुटले.