डाव्या कोपऱ्यातली गाठ

मी एक जुना डॅशबोर्ड आहे, फायबरचा. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणतो खरा, पण आधीच सांगतो, माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही. तुम्ही गोष्ट ऐकायला आलात की मला ठोकून बघायला, हे अजून मला कळलेलं नाही. जन्मच संशयात झाला, त्याला मी तरी काय करू?

घाटकोपरला असल्फ्यात एका पत्र्याच्या शेडमध्ये गुणाजीनं मला घडवलं. खुर्च्या आणि बाथटब करून फायबरवर त्याचा हात बसला होता. चौऱ्याऐंशी साली त्याच्या बहिणीच्या नवऱ्यानं, शिवदासनं, लग्नाच्या वरातींना भाड्यानं द्यायला जुनी फियाट घेतली. गाडी आतून झकास दिसावी, कॅसेट प्लेअर ऐटीत बसावा, म्हणून त्यानं मेहुण्यालाच काम सांगितलं. सांगितलं आणि स्वतः स्टूल टाकून समोर बसला. फायबरवाले आत चिंध्या कोंबतात आणि वरून रंग मारतात, असं बोरीवलीत त्याच्या कानावर आलं होतं.

गुणाजीनं आधी प्लायवूडचा सांगाडा केला. त्यावर एक जुनं मऊ लुगडं ताणून बारीक खिळे मारले. कापड नीट ताणलं की वळणं आपोआप येतात. मग ब्रशनं त्यावर रेझिनचा चिकट द्राव फासला. त्या उग्र वासानं शिवदासचे डोळे चुरचुरायला लागले आणि तो चहाला गेला. तो परत येईपर्यंत लुगडं लाकडासारखं कडक झालं होतं. मग आतल्या बाजूनं काचेच्या धाग्यांच्या मॅटचे थर बसले. प्रत्येक थरातले हवेचे बुडबुडे गुणाजी ब्रशनं दाबून बाहेर काढायचा. आत राहिलेला बुडबुडा पुढं दगा देतो, असं तो म्हणे.

थर सुकल्यावर शिवदासनं मला खालून चाचपलं. डाव्या कोपऱ्यात, जिथं पुढं त्याची बायको जानकी बसणार होती, तिथं त्याच्या बोटांना सुपारीएवढा उंचवटा लागला. हे काय, म्हणून त्यानं विचारलं.

"गाठ आसा, भावजी. ती तशीच रवांदे," गुणाजी म्हणाला. एवढं बोलून त्यानं मान खाली घातली. मलाही ते खटकलं. सरळ माणूस मान कशाला खाली घालेल?

सुरुवातीचे दिवस कौतुकाचे गेले. नवरदेव माझ्यावरून हात फिरवायचे, जानकी मला फडक्यानं पुसायची. पण जुन्या गाडीची दुखणीही जुनीच. एकदा मुलुंडच्या उतारावर ब्रेक लागेना, एकदा भर वरातीत इंजिनातून वाफ निघाली. चाळीतल्या धोंडिरामानं शिवदासच्या मनात भरवलं की गाडीत घरच्याच माणसानं काहीतरी बांधलंय. झालं, शिवदासला ती गाठ आठवली. करणी म्हटलं की कोकणातल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही. तो रोज माझा कोपरा चाचपू लागला. अशा गाडीनं घाट कसा चढायचा, म्हणून गावी जायचंही त्यानं टाळलं. त्या दिवाळीत त्यानं जानकीला भावाकडे पाठवलं नाही.

पुढच्या भाऊबीजेला जानकी नवी साडी नेसून, ओवाळणीचं ताट मांडीवर घेऊन गाडीत बसली. शिवदासनं किल्ली फिरवलीच नाही. यंदाही नाही आणि यापुढंही नाही, तुझ्या भावानं आपल्यावर करणी केली आहे, असं म्हणून त्यानं तिचा हात धरून त्या गाठीवर ठेवला. तिचं माहेर आता माझ्या कोपऱ्यात अडकलं होतं, आणि मला बोलता येत नव्हतं.

जानकीनं ताट बाजूला ठेवलं. "मगे फोडा. माझ्या डोळ्यांदेखत फोडा."

त्यानं छिन्नी-हातोडी काढली. मला लागलं, फार लागलं. कोपरा तुटला आणि रेझिननं दगड झालेली गाठ खाली पडून तडकली. तिच्यात तांदूळ होते, भोकाचा पैसा होता आणि बाहेर तांबडा काठ होता. शिवदास जिंकल्यासारखा बायकोकडे बघू लागला.

जानकीनं गाठ ओंजळीत घेतली आणि तिला रडू फुटलं. "हो आमच्या आवशीच्या लुगड्याचो काठ. तुमी ड्रायव्हर झालात, तेव्हा तिना ही नवसाची गाठ बांधलेली. जावई आपली गाडी घेवन सुखरूप दारात येतलो, तेव्हा ती सोडूची होती."

नवस फिटेपर्यंत बोलून दाखवायचा नाही, हा या भावंडांच्या आईचा नियम. आई गेली, लुगडं गुणाजीकडे राहिलं. गाठ गाडीबरोबरच दारात पोचावी म्हणून त्यानं ती माझ्यात ठेवली आणि नियम पाळून गप्प बसला. जी गाठ शिवदासच्या जिवासाठी होती, तिच्याच भीतीनं तो गावी जात नव्हता.

शिवदासनं गाडी सुरू केली. असल्फ्यात गुणाजी पाट मांडून बसला होता. गेल्या वर्षीही तो तसाच बसला होता, असं नंतर कळलं. बहिणीनं ओवाळलं. मग त्यानं माझं भोक पाहिलं, रेझिन कालवलं आणि बुडबुडे दाबत नवे थर चढवले. मे महिन्यात गाडी गावी माहेरच्या दारात उभी राहिली, जानकीनं गाठ उंबऱ्यावर ठेवली आणि नवसाचा नारळ फुटला.

फियाट केव्हाच भंगारात गेली. मी गुणाजीच्या शेडमध्ये भिंतीवर टांगलेला आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या संशयी जिवाचं एवढं ऐका. संशय आला तर एकदा नाही, दोनदा विचारा. छिन्नी कुठं पळून जात नाही.

येणारी-जाणारी माणसं मला अजून ठोकून बघतात. डाव्या कोपऱ्यात आवाज जरा वेगळा येतो. शिवदास दर भाऊबीजेला इथं येतो, पण तिथं तो कधीच ठोकत नाही.