लौकीचे शेंडे

वैनगंगेचं पाणी उतरलं की मार्कंड्याच्या देवळाजवळच्या वाळूवर खुंट्या ठोकून मासेमारी करणारे ढिवर आपापल्या भाजीच्या वाड्या आखतात. यंदा वेली वाढीला लागल्या तेव्हा भैयाजीला दिसलं, शेजारच्या खुशालची खुंटी हातभर आपल्या वाडीत सरकलीय. खुशाल म्हणे, पाण्यानं सरकली असेल. तीस वर्षं एकाच डोंग्यात बसून जाळं टाकणारे दोघे, पण हातभर वाळूवरून बोलेनासे झाले.

दुसऱ्या सकाळी भैयाजी वाडीत गेला. लौकीच्या, म्हणजे दुधीच्या, चाळीसही वेलींचे शेंडे कुणीतरी खुडले होते. वेलीकडे बोट दाखवलं तरी फळ सडतं, असं मानणारी ही माणसं. इथे तर मुंडकीच उडवलेली! चौकशी करायचा दम भैयाजीत कधीच नव्हता. खुशाल मासोळ्या विकायला गेलेला पाहून त्यानं भरदुपारी विळा घेतला आणि त्याच्या सगळ्या वेलींचे शेंडे छाटले.

घरी येऊन ही मर्दुमकी पोरीला सांगितली. रीता पांढरीफटक पडली.

"बाबा, आपले शेंडे तं मीच खुडले!"

"तू? काऊन?"

"कॉलेजात शिकवलं. शेंड्यात हार्मोन तयार होते, ते खाली उतरते अन् बाजूच्या डोळ्यांले, म्हंजे कोंबांले, झोपवून ठेवते. शेंडा खुडला का डोळे फुटते. बाजूच्या फांदीलेच लौकी जास्त लागते. तुमाले विचारलं असतं तं हात लावू देला असता काय?"

बाहेर बाजारातून परतलेला खुशाल नदीकाठ डोक्यावर घेत होता, "ज्यानं तोडलं त्याचे हात झडो!" कबूल केलं तर जन्माचा सोबती कायमचा जाणार, म्हणून भैयाजी मूग गिळून बसला.

महाशिवरात्रीच्या आधी खुशाल स्वतःच दारात आला, दोन लौक्या घेऊन.

"भैयाजी, शेंडे तुटले तं वेली लौक्यांनं नुसत्या लदबदल्या. एक लौकी देवाले. दुसरी शेंडे तोडणाऱ्याले द्यायची हाये. उगाच शिव्या देल्या मी त्याले. गावभर विचारून राह्यलो, कोनी सांगत नाई."

भैयाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं दोन्ही हात पुढे केले.

"आन इकडे. पन तुयं भलं कराले नाई तोडले, खुशाल. नास कराले तोडले."

खुशालनं त्या हातांकडे पाहिलं. मग लौकी त्याच हातांवर ठेवली.

"खुंटी," तो म्हणाला, "मीच सरकवली होती."