एका शब्दावरचा संसार

मिस्त्रींची वाचा गेली तेव्हा ते ओट्याशी उभे राहून स्वतःसाठी चहा ओतून घेत होते. कप फुटल्याचा आवाज आला म्हणून काकू बाल्कनीतून धावत आत आल्या. बघतात तर मिस्त्री फरशीवर बसलेले, उजवा हात लोंबतोय, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि काकूंकडे बघून एकच शब्द चाललाय, "लाइन. लाइन. लाइन." काकूंना वाटलं, वीज गेली म्हणताहेत. घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात काय येईल याचा नेम नसतो. "लाइट आहेत हो," त्या म्हणाल्या, "तुम्ही आधी उठा बघू."

जीव वाचला. पायात थोडी ताकदही आली. बाकीचे शब्द मात्र परत आले नाहीत. डॉक्टरांनी काकूंना समोर बसवून नीट समजावलं. मेंदूत शब्दांची जागा असते, नेमका तिथेच धक्का बसलाय. अशा वेळी कधीकधी एखादाच शब्द मागे राहतो, तोंडात मुरलेला, जळलेल्या घरात एखादा डबा शाबूत सापडावा तसा. समज किती उरली आहे ते आत्ताच सांगता येणार नाही, असंही ते म्हणाले.

काकूंना, खरं सांगायचं तर, रागच आला. लग्न झाल्यापासून या माणसाने त्यांना नावाने हाक मारलेली नव्हती. सकाळी डोळे उघडल्यापासून दिवा मालवेपर्यंत "अगं". "अगं, माझा चष्मा", "अगं, ऐकलंस का", आणि काही काम नसेल तर नुसतंच "अगं". शेजारच्या छोट्या मुलीला तर काकूंचं नावच अगं आहे असं बरेच दिवस वाटत होतं. इतका घासून गुळगुळीत झालेला शब्द घरात असताना उरायचा तो हा उरला, आणि तोही परका, इंग्रजी.

पण परका तरी तो कुठे राहिला होता? मिस्त्री गवंडी. भिंत उचलायची तर दोन टोकांना खिळे ठोकून मधे दोरी ताणायची आणि एकेक वीट त्या दोरीला लावत जायची, तिला म्हणतात लाइन. परांचीवर उभं राहून मिस्त्री जन्मभर ओरडत आले, "लाइन बघ, लाइन सोडू नकोस." अंगावरच्या सिमेंटबरोबर तो शब्दही रोज संध्याकाळी घरी आला आणि घरभर पसरला. वीज गेली की लाइन गेली. फोन लागेना की लाइन बिझी. दुकानापुढे गर्दी दिसली की केवढी ही लाइन. कपडे वाळत घालायची तार म्हणजे लाइन, वहीतली ओळ म्हणजे लाइन, कपाळावरच्या आठ्या म्हणजे लाइनी. मुलगा शाळेत टवाळक्या करायचा तेव्हा त्याला लाइनीवर आणायचं होतं, पुढे तो विमा कंपनीत चिकटला तेव्हा पोरगं लाइनीला लागलं. "आमच्या लाइनीत काही राम नाही," हे तर रोजचं. तरुणपणी काकूंच्या माहेरासमोर त्यांनी एक कंपाउंड बांधलं होतं. साधी छातीएवढी भिंत, पण संपता संपेना. तेव्हा बरोबरचे मजूर विचारायचे, मिस्त्री, लाइन लावताय का लाइन मारताय? ती भिंत पुरी झाली तेव्हा लग्न ठरलेलं होतं.

एवढासा शब्द, तोंड उघडलं न उघडलं तोच संपणारा. लोकांनी त्याच्यावर वीज टांगली, ओले कपडे टांगले, पोरांची आयुष्यं टांगली, आणि तो तुटला नाही. विचार करायला बसलं तर छाती दडपावी असा हा प्रकार आहे. मिस्त्रींनी आता त्याच्यावर स्वतःचा सगळा भार टाकला होता.

काकूंना हे कळलं ते एका दुपारी. हातापायांना आणि जिभेला पुन्हा कामाला लावणारं एक केंद्र होतं, तिथे मिस्त्रींना खाट मिळाली होती. काकू शेजारच्या स्टुलावर स्वेटर विणत बसायच्या. मिस्त्री म्हणाले, "लाइन." काकू उठल्या, खिडकीचा पडदा ओढला, परत बसल्या आणि सुया हातात घेतल्यावर थबकल्या. आपण उठलो कशाला? ऊन डोळ्यांवर येतंय, असंच म्हणाले ना हे? शब्द तर लाइनच होता. पण त्याची चाल, त्याचा चढउतार, शेवटाला जरा कुरकुरल्यासारखा हेल, सगळं हुबेहूब "ऊन लागतंय गं" असं. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं. मिस्त्री आरामात डोळे मिटून पडले होते, काम झाल्यासारखे.

त्या दिवसापासून काकू शब्द ऐकायच्या बंद झाल्या आणि चाल ऐकायला लागल्या. काय काय निघालं त्यातून! तहान निघाली, पाय आखडल्याची तक्रार निघाली, कंटाळा तर वेगवेगळ्या जातींचा निघाला. ही नर्स मायाळू आहे, असंही एकदा निघालं. हा डॉक्टर आगाऊ आहे, हे तर डॉक्टरच्या तोंडावर निघालं, तेव्हा वाचा गेली ते एका परीने बरंच झालं असं काकूंना वाटलं. आणि एका संध्याकाळी, त्या डबा आवरत असताना, पाठीमागून आलं, "लाइऽन." पहिला भाग हलका, दुसरा लांबवलेला. जन्मभर ऐकलेलं "अगं". काकूंनी मागे वळून "काय हो?" विचारलं. काही नव्हतं. नुसतीच हाक होती. त्या डब्याचं झाकण हातात धरून बराच वेळ रडल्या.

हे त्यांनी मुलाला फोनवर सांगितलं. मुलगा दुसऱ्या शहरात राहायचा. विमा कंपनीत लागल्यापासून मिस्त्री त्याला थट्टेने आणि त्याहून जास्त अभिमानाने साहेब म्हणायचे, म्हणून सगळेच साहेब म्हणत. साहेबाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आई, तुला जे ऐकायचंय ते तू ऐकतेस."

वाईट नव्हता तो. आई दिवसेंदिवस वाळत चाललेली त्याला दिसत होती. त्याच्या शहराजवळ अशा रुग्णांना सांभाळणारी एक जागा त्याने बघून ठेवली होती. स्वच्छ होती, दिवसरात्र नर्स होत्या. "बाबांना कोण कुठे आहे ते कळत असतं तर मी हा विषयच काढला नसता," तो म्हणाला. "पण कळतच नसेल तर ते घरी असले काय आणि तिथे असले काय? तू मात्र मरशील." रात्री पडल्या पडल्या काकूंनाही तीच भीती खायची. आपणच तर बोलत नाही ना दोघांचं? भिंतीवर चेंडू मारावा आणि परत आला की भिंतीने टाकला म्हणावं, तसं? शेवटी त्यांनी कबूल केलं. केंद्रात समजेची परीक्षा घेणार आहेत, ती होऊ दे. समज नाही असं ठरलं तर मी नाही म्हणणार नाही.

परीक्षा घेणारी एक तरुण मुलगी होती. तिचं खरं पद लांबलचक होतं, म्हणून सगळे तिला स्पीचवाली म्हणायचे. तिने साधा उपाय काढला. ती मिस्त्रींच्या खोलीत बसणार, काकू आणि साहेब व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला तिच्या ऑफिसात. दोन्हीकडे फोन स्पीकरवर. काकूंना काही दिसणार नाही, नुसतं ऐकू येईल, आणि मिस्त्री काय म्हणताहेत ते त्यांनी सांगायचं.

साहेब बस स्टँडवरून थेट ऑफिसात आला. "आत जाऊन भेट तरी," काकू म्हणाल्या. "आधी हे होऊ दे," तो बॅग मांडीवर घेऊन म्हणाला. घाबरला होता तो, काकूंना दिसत होतं ते. मिस्त्रींना तो आल्याचं कोणीच सांगितलेलं नव्हतं.

फोनमधून कपबशीचा आवाज आला, भुरका ऐकू आला, आणि मग, "लाइन."

"चहात साखर नाही घातली वाटतं," काकू म्हणाल्या.

"नाही घातली," स्पीचवाली पलीकडून म्हणाली.

कपबशी वाजली, म्हणजे चहा, हे कोणीही सांगितलं असतं, असं साहेबाच्या चेहऱ्यावर होतं. थोडा वेळ फोनमध्ये काही हललं नाही, काही वाजलं नाही. मग एकदम तुटक, चिडका आवाज. "लाइन. लाइन!"

काकूंना हसू आलं. "काहीतरी वाकडं लावलंस तू तिथे. भिंतीवर बघ."

मग स्पीचवालीचा बदललेला आवाज आला. "कॅलेंडर तिरकं केलं होतं मी. चप्पल काढून, आवाज न करता."

साहेबाने बॅग खाली ठेवली. घसा खाकरला. "दोन जमली," तो म्हणाला. "तिसरं बघू."

आणि तिसऱ्याला गाडी अडली. स्पीचवालीने काही करायच्या आधीच मिस्त्री सुरू झाले. "लाइन?" शेवटाला वर गेलेलं, मऊ, काकूंनी इतक्या आठवड्यांत एकदाही न ऐकलेलं. त्या पुढे सरकल्या. पाणी? पाणी हवंय का? "लाइन," नाही. पाय आखडला? "लाइन," नाही. घरी जायचंय? "लाइन!" ही चाल मात्र काकूंना पाठ होती, नवा मजूर वीट चुकीची लावायला लागला की यायची ती. प्रत्येक अंदाजाला तसाच फटका आणि फटक्यानंतर पुन्हा तेच मऊ "लाइन?". उशी? चष्मा? नर्स हवीय? त्यांना येत होतं ते सगळं संपलं.

"आई, पुरे," साहेब हळू आवाजात म्हणाला.

"मला नाही कळत हो," काकू फोनला म्हणाल्या. "काय म्हणताय तुम्ही, मला खरंच नाही कळत." आणि हे म्हणता म्हणताच त्यांच्या मनात आलं, आपण मनाचंच ऐकत असतो तर अडलो कशाला असतो? भिंत कधी म्हणते का, हा चेंडू माझा नव्हे? पलीकडे कोणीतरी होतं, त्याचं त्याचं काहीतरी मनात धरून बसलेलं, आणि बायको चुकतेय म्हणून वैतागलेलं. संसारभर वैतागत आला तसंच. काकूंना एवढी मोठी गोष्ट इतक्या लहान खोलीत मावेल असं वाटेना. ती मुलाला सांगायची कशी, हे मात्र त्यांना सुचत नव्हतं.

फोनमधून पुन्हा आलं, या वेळी सावकाश, जवळ तोंड नेऊन, "लाइन?"

"हो बाबा, जेवलो," साहेब म्हणाला.

म्हणून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं. तोंड अर्धवट उघडं तसंच राहिलं. वसतिगृहात होता तेव्हापासून दर फोनला, तब्येत नाही, नोकरी नाही, पहिला प्रश्न हाच यायचा, "जेवलास का?" आणि तो दर वेळी दुसरं काहीतरी करता करता हेच उत्तर द्यायचा. तो फोनकडे बघत राहिला. घसा खाकरून एवढीशी दोन वाक्यं बोललो आपण, आणि त्यावरून ओळखलं बाबांनी.

पलीकडून आवाज आला. खाली उतरलेला, रेंगाळलेला, अजिबात न पटलेला. "लाइन."

साहेबाने मान खाली घातली. "नाही," तो म्हणाला. "नाही जेवलो. स्टँडवर नुसता चहा घेतला. गाडी उशिरा आली, बाबा, आणि मग खावंसंच वाटलं नाही."

"लाइन," मिस्त्री म्हणाले.

"हो."

"लाइन, लाइन."

"हो, माहितेय. घेईन काळजी." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही भान नव्हतं. काकू बाजूला बसून ऐकत होत्या. यातलं निम्मं त्यांना कळत नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा न कळण्याचा एवढा आनंद होत होता. बापलेकांचं बोलणं चाललं होतं, मधे दुभाषा नको होता.

साहेब फोन तसाच हातात धरून उठला आणि व्हरांड्यातून खोलीकडे चालत गेला. काकू मागोमाग निघाल्या. दाराशी पोचल्या तर तो खाटेवर वडिलांना अगदी चिकटून बसला होता आणि चालू राहिलेले दोन फोन एकमेकांच्या आवाजाने शिट्ट्या मारत होते. स्पीचवाली ते बंद करायचं विसरून भिंतीला टेकून उभी होती. कॅलेंडर अजून तिरकंच होतं. साहेबाची नजर तिकडे गेली, तो उठला, त्याने ते सरळ केलं आणि परत जागेवर बसला.

"पुढच्या महिन्यात घरी न्या त्यांना," स्पीचवाली म्हणाली. "मी येत जाईन."

साहेबाने मान हलवली. त्या दुसऱ्या जागेचा विषय पुन्हा निघाला नाही.

काकू दारातच उभ्या होत्या. मिस्त्रींनी मुलाच्या खांद्यावरून त्यांच्याकडे बघितलं, भुवया जराशा उंचावल्या आणि म्हणाले, "लाइऽन."

"हो, हो," काकू म्हणाल्या, "आणते त्याला काहीतरी खायला." आणि पदर खोचून त्या कॅन्टीनकडे निघाल्या.