उशीचा नेम

वर्षावासाचे तीन महिने महामाया उशी घेत नसे. एक चटई आणि अंगावर एक सोलापुरी चादर, एवढाच तिचा बिछाना. आषाढी पौर्णिमेला विहारात भंतेजींसमोर अष्टशील घ्यायचं आणि आश्विनातल्या पौर्णिमेपर्यंत ते रोज पाळायचं, असा तिचा लग्न झाल्यापासूनचा नेम. दुपारनंतर जेवण नाही, फूल-अत्तर नाही, उंच मऊ शय्या नाही. ती कुणाला सांगत फिरायची नाही. तिच्या वाटचं सांगण्याचं काम सासूबाई करायच्या. पारूबाई दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायच्या, "आमची माया म्हंजी निम्मी भिक्खुणीच की! उरलेली निम्मी घोरती."

घोरण्यात खोटं काही नव्हतं. दीड-दोन वर्षं झाली, नाक मिटलेलं ते मिटलेलंच. वाफ झाली, बाम झाला, ओव्याची पुरचुंडी झाली. आडवी झाली की कपाळात शिसं ओतल्यासारखं व्हायचं, घसा कोरडा पडायचा, आणि डोळा लागतो न लागतो तोच जीव गुदमरून ती उठून बसायची. मग भिंतीला पाठ टेकून उजाडायची वाट पाहायची. पहाटे ध्यानाला बसली की दुसरीच पंचाईत. नाकाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा, एवढंच तर करायचं; पण नाकाशी श्वास आला तर ना!

शेवटी नाक-कान-घशाच्या डॉक्टर अंकिता यांनी फोटो दिव्यावर धरून सांगितलं, "आत मांस वाढलंय आणि सायनसमध्ये पू भरलाय. दुर्बिणीतून ऑपरेशन करू. डोळ्यापर्यंत गेल्यावर करण्यापेक्षा आत्ताच केलेलं बरं." वर्षावास सरेपर्यंत थांबायची सोय नव्हती.

महामायेचा नवरा, रावसाहेब, महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात होता. तिनं त्याला हळूच सांगितलं, "अहो, मला एक भीती वाटतीय."

"नाक कापत नाहीत गं. दुर्बिणीनं करतात."

"नाकाची नाही, झोपेची. इतक्या दिवसांची झोप साठलीय अंगात. त्यांनी एकदा झोपवलं आणि ती सगळी एकदम आली, तर मी उठायची कशी?"

रावसाहेब हसला नाही. जरा विचार करून म्हणाला, "आपल्याकडं चार दिवसांनी पाणी येतं. म्हणून चार दिवसांचं एकदम येतं का? टाकी भरली की कॉक बंद. तसंच हे."

हे बोलणं शास्त्रात बसणारं नव्हतं, पण तिला बरं वाटलं. आदल्या रात्रीपासून उपाशी राहा असं नर्सनं सांगितलं, तेव्हा पारूबाई म्हणाल्या, "तिला काय शिकवता बाई? ती दुपारनंतर पाण्यावरच हाय." टेबलावर घेतल्यावर महामायेनं मनात त्रिशरण म्हणायला घेतलं. तिसऱ्यांदा 'संघं' म्हणायच्या आतच कुणीतरी गालावर थोपटत होतं, "उठा मावशी, झालं." नाकात बोळे, डोकं जड, पण ती उठली होती. पुढं जे सगळं झालं, त्यात हा पहिला दिलासा.

दोन दिवसांनी बोळे निघाले. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, नाक शिंकरायचं नाही, खाली वाकायचं नाही, घागर उचलायची नाही, आणि झोपताना दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवायचं. महामायेनं मान हलवली. रावसाहेब त्याच संध्याकाळी नवी पेठेतून दोन नव्या उशा घेऊन आला. तिनं त्या हातात घेतल्या, दाबून पाहिल्या, चांगल्या आहेत म्हणाली आणि कोपऱ्यातल्या पेटीवर ठेवून दिल्या.

तिच्या मनाशी एकच होतं. सुखात असताना पाळलं आणि दुखायला लागल्यावर सोडलं, तर तो नेम कसला? ती सपाट चटईवर पडायची. रक्ताची चव घशात उतरायची, कपाळ ठणकायचं, नाक पुन्हा मिटायचं. झोप नव्हतीच. पारूबाई त्याच खोलीत निजायच्या. त्यांनी दोनदा टोकलं, मग गप्प झाल्या. त्यांचं गप्प होणं जास्त भारी पडतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी नळी घालून आत पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "सूज हटेना झालीय. रक्त साकळलंय. असंच राहिलं तर आतली वाट पुन्हा चिकटेल, सगळं पहिल्यापासून करावं लागेल. मावशी, दोन उशा घेताय ना?"

महामाया खाली पाहत राहिली. हो म्हणावं तर चौथं शील मोडतं, खोटं न बोलण्याचं. नाही म्हणावं तर... परवा मान हलवली होती, तेही खोटंच झालं की! हे तिच्या तेव्हा लक्षात आलं आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"उशा पेटीवर निजत्यात, डॉक्टरीणबाई," सोबत आलेल्या पारूबाई म्हणाल्या. "आन् ही खाली. नेम हाय तिचा."

बाहेर आल्यावर रिक्षात बसताना पारूबाईंनी घराचा पत्ता सांगितलाच नाही. "विहाराकडं घे रं," म्हणाल्या.

विहारात भंतेजी बाहेरच्या पायरीवर बसून चष्मा पुसत होते. दोघींनी वंदन केलं; महामाया वाकायला लागली तशी पारूबाईंनी तिचा दंड धरून तिला उभी ठेवली. मग सगळी हकिकत सासूनंच सांगितली, सून पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. भंतेजींनी ऐकून घेतलं आणि ते उठले. "या इकडं," म्हणून त्यांनी आपल्या खोलीचं दार उघडलं.

आत एक बुटका लाकडी पलंग होता. त्याच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली एकेक वीट.

"छातीत जळजळ वर येते रात्री," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाले डोकं उंच ठेवा. माझ्याकडं उशा नव्हत्या, आवारभिंतीच्या उरलेल्या विटा होत्या."

पारूबाईंना हसू आवरेना. "म्हंजी भंते, तुमची बी शय्या उंचच की!"

"विटेएवढी उंच आहे खरी," भंतेजीही हसले. मग महामायेकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "उपासिका, आजाऱ्याला जे लागतं ते औषधात मोडतं. गोळी घेता ना? उशीही तशीच घ्यायची, बरं वाटलं की ठेवून द्यायची. ऐटीसाठी घेतली तर शील मोडेल. पण डॉक्टरांना नुसती मान हलवून आलात, ते मात्र घरी बसून एकदा पाहा."

"पाहिलं, भंते," ती म्हणाली. "तिथंच पाहिलं."

घरी आल्या तेव्हा दुपार कलली होती. पारूबाईंनी चटई अंथरली. उशाशी चादरींच्या घड्या पायरीपायरीनं रचल्या, वर त्या दोन उशा ठेवल्या. "नीज आता. गोळी समजून नीज." महामाया टेकली. डोकं उंच झालं, कपाळातलं ओझं हळूहळू खाली सरकल्यासारखं झालं. पलीकडं कुणाच्या तरी नळाला पाणी आलं होतं, हंड्यात धार पडत होती. तो आवाज ऐकता ऐकता तो कधी थांबला हे तिला कळलं नाही.

जाग आली तेव्हा दारातलं ऊन गेलं होतं आणि नाकाखाली काहीतरी होतं. पारूबाईंचं बोट.

"आत्या? काय करताय?"

"काय करती! घोरत न्हाईस तू. दोन वरसं तुजं घोरणं ऐकूनच मला कळायचं, पोरगी हाय म्हणून. आज आवाजच न्हाय. मग बसले बोट लावून." त्यांनी बोट मागं घेतलं. "चालतोय. दोन्हीकडनं चालतोय."

"केव्हापासून बसलाय?"

"तू निजल्यापासनं. लई इचारू नको."

महामाया पायांवर डोकं ठेवायला उठली आणि वाकायच्या आत थांबली. पारूबाईंनी डोळे वटारलेच होते. मग तिनं सासूचा तो खरखरीत हात दोन्ही हातांत घेऊन आपल्या कपाळाला लावला.

"बरं, बरं," पारूबाई म्हणाल्या. "आता मला पडू दे घटकाभर. पाठ धरली."

त्या तिथंच चटईच्या कडेला आडव्या झाल्या आणि बघता बघता घोरायला लागल्या. महामाया उशांना पाठ टेकून ताठ बसली, डोळे मिटले. नाकाच्या टोकाशी गार काहीतरी आत आलं. थोड्या वेळानं तेच ऊन होऊन बाहेर गेलं. ती पाहत राहिली.