गोलातली फळी रंगरावांच्या ओसरीवर

मी फळी बोलतेय. हॉकीच्या गोलात, जाळीच्या पायथ्याशी आडवी लावलेली असते ना, ती. चेंडू गोलात शिरला की शेवटी माझ्यावरच आपटतो आणि 'खट्' असा आवाज होतो. त्या आवाजावर अर्धं मैदान नाचतं आणि अर्धं कपाळाला हात लावतं. मी मात्र दरवेळी दचकते. जात्याच भित्री आहे मी. पण आज भीतीनं नाही, रागानं बोलतेय. आणि राग आला की माझी वाक्यं पुढंमागं होतात, तेवढं समजून घ्या.

सातपुड्यातल्या एका सागाच्या पोटात माझा जन्म झाला. पहिली नोकरी अमरावतीला, एका कॉलेजात. तिथं मी बाकाची पाठ होते. माझ्या अंगावर टेकून मुलांनी इतिहास ऐकला, तर्कशास्त्र ऐकलं, झोपाही काढल्या. प्रोफेसरांनी टेबलावर पुस्तक आपटलं की मुलं जागी व्हायची आणि मी थरथरायची. पुढं बाकाचा पाय मोडला आणि आमची रवानगी भंगारात झाली. तिथून मला पुंजाजी सुतारानं उचललं आणि धामणगाव बढ्याला आणलं. रंधा मारला, डांबर फासलं, आणि मोती क्लबच्या गोलात बसवलं.

त्या वर्षांत हॉकीनं वऱ्हाड अगदी खुळावलं होतं. हिंदुस्थानची टीम साता समुद्रापार जाऊन जिंकून आली होती, आणि जो तो बाभळीची वाकडी फांदी घेऊन धावत होता. दसऱ्याला कापसाच्या जिनिंगमागच्या पडीक वावरात चुन्याच्या रेघा पडायच्या त्या होळीपर्यंत. ते वावर रंगराव देशमुखांचं. चेंडू, जाळी, चहा, सगळं त्यांच्याकडून. म्हणून मॅनेजरही तेच. कोण खेळेल, कोण बसेल, बाहेरून कोणता गडी आणायचा आणि आपला कोणता द्यायचा, हे त्यांनी ठरवायचं.

ठरवायचं, असं मी म्हणतेय. ठरवलं कधी?

माझ्यापुढं गोल राखायला कय्यूमभाई उभे असायचे. जातीनं पिंजारी. पायाला बांधायची पॅडं त्यांनी स्वतःच्या हातानं पिंजलेल्या कापसानं भरलेली, आणि त्यांना टाके त्यांच्या बायकोचे, हुस्नबानोचे. कय्यूमभाई असताना मला फारसं काम नसे. चेंडू यायचा तो त्यांच्या पॅडावर 'धप्' व्हायचा. तो आवाज मला आवडायचा. गादीवर बाळ पडावं तसा.

मग त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतिबिंदू उतरला. आधी मलाच कळलं, कारण 'खट्' वाढले. उजवीकडून आलेला चेंडू दिसावा म्हणून ते सगळी मान वळवायचे, आणि तेवढ्यात डावी बाजू उघडी पडायची. त्यांनी लपवलं नाही. सरळ रंगरावांपुढं जाऊन उभे राहिले.

"भाऊ, आता मले सोडा. एक डोया गेला, दुसऱ्यावर पिंजण चालते माही. दुसरा गडी पाहा."

"अरे कय्यूम, तुह्यासारखा गडी कुठी भेटते?" रंगराव म्हणाले. "घाई काय हाय?"

भेटत होता हो! तीच तर गोष्ट आहे. शेगावच्या टीममध्ये शकील नावाचा तरणाबांड गोलकीपर होता, पण तिथं त्याच्याहून जुना गडी असल्यामुळं त्याला बाहेर बसावं लागे. आणि आमच्याकडं निवृत्ती होता. डाव्या बाजूनं वाऱ्यासारखा पळणारा, पण त्या जागेवर आधीच रंगरावांचा भाचा, म्हणून हाही बाहेर. शेगावला डाव्या बाजूचा गडी हवा होता. शकील इकडं, निवृत्ती तिकडं. दोघंही राजी. लहान पोरांनी दोन गोट्या बदलाव्या इतकं सोपं.

आमच्या भागात गडी बदलायचे तर कागद करत नाहीत. जो गडी जायचा, त्याची खेळायची काठी आधी जाते. समोरच्यानं ती ठेवून घेतली आणि आपल्या गड्याची काठी उलट पाठवली, की सोयरीक जुळली. उत्तर येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत द्यायचं. 'नको' असेल तर तीच काठी मानानं परत करायची. पण काठी ठेवून घ्यायची आणि काहीच करायचं नाही, हा मात्र अपमान. पोरगी पाहून यावं आणि हो-ना काहीच कळवू नये, तसा.

शेगावनं शकीलची काठी पाठवली. मुठीला लाल दोरा गुंडाळलेली. रंगरावांनी ती हातात घेऊन तोलली, "झकास हाय" म्हणाले, आणणाऱ्याला चहा पाजला, आणि काठी ओसरीच्या कोपऱ्यात टेकवून ठेवली.

मग रोज संध्याकाळी गोलामागं तीच चर्चा. गोलामागची जागा म्हणजे फुकट्यांची जागा, आणि क्लबवर खरा जीव त्यांचाच. गावात घडलेलं सारं मला तिथंच कळायचं. पुंजाजी सुतार तिथंच बसायचा. मंजुळाबाई भुईमुगाच्या शेंगांची टोपली घेऊन तिथंच.

"काठी गेली का वो पुंजाजी?"

"कुठची जाते बाई! भाऊ इचार करून राह्यले."

"इचार? लगन लागून पोट्टं चालाले लागलं अस्तं येवढ्यात."

"तुले मालूम नाही. बैलबाजारात गेले तरी दिवसभर बैलाचे दात पाह्यतेत, शेपूट पाह्यतेत, अन् संध्याकाळी आपलाच बुढा बैल घेऊन वापस येतेत."

सगळे हसले. हुस्नबानो नाही हसली. ती माझ्या अगदी मागं, लिंबाच्या बुंध्याशी बसलेली असे. तिची नजर चेंडूवर नसायचीच. कय्यूमभाईंच्या मानेवर असायची.

रंगराव वाईट माणूस असते तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटतं. मग शिव्या देता आल्या असत्या. पण ते प्रत्येकाच्या पाठीवरून हात फिरवणारे, पोरांना गूळ वाटणारे. त्यांना फक्त एक भीती होती. पूर्वी त्यांनी एक गडी खामगावला दिला होता, आणि तो तिथं जाऊन असा चमकला की सारं गाव त्यांना हसलं. तेव्हापासून त्यांना वाटे, निवृत्ती दिला आणि तोही चमकला तर? शकील घेतला आणि तो फुसका निघाला तर? काहीच केलं नाही, तर चुकलं असं कोण म्हणेल?

भित्र्या माणसाचं मन मला समजतं. मी स्वतः भित्री आहे. पण माझ्या भीतीनं माझंच अंग हलतं हो, दुसऱ्याचं काही जात नाही!

बाजाराचा दिवस आला. सकाळपासून मी कान टवकारून होते. निवृत्ती आपली काठी पुसून, तेल लावून तयार. दुपार झाली, बाजार उठला, गाड्या परतीला लागल्या. संध्याकाळी शेगावचा माणूस आला, ओसरीवर चढला, लाल दोऱ्याची काठी उचलली आणि पाणीसुद्धा न घेता चालता झाला. रंगराव मागून म्हणत राहिले, "अरे बस तरी! घाई काय हाय?"

त्या संध्याकाळी मैदानात कुणी खेळलं नाही. पुंजाजी मधोमध उभा राहून ओरडला, "भाऊ, तुमी मॅनेजर हा का बुजगावणं? बुजगावण्यानं पाखरं तरी उडतेत!"

"अरे बे, जरा तोंड सांभाळ," रंगराव म्हणाले, पण मऊ आवाजात. "कपाची मॅच तोंडावर आली. आता गडी बदलणं बरं नोहे. कय्यूम हाय न आपला."

कय्यूमभाईंनी मान खाली घातली. नाही म्हणता येईना त्यांना. गावाचा कप, घरची टीम. हुस्नबानोनं पॅडात आणखी कापूस दाबून भरला. कापूस पायाला बांधायचा असतो. डोळ्याला काय बांधणार?

कपाची मॅच मलकापूरशी. माणूस माणसाला खेटून उभा होता. मलकापूरवाल्यांना सगळं ठाऊक होतं. वऱ्हाडात बातमी बैलगाडीच्या आधी पोचते. ते दर वेळी उजवीकडूनच यायचे. खट्. मी दचकले. खट्. पुन्हा दचकले. तिसऱ्या वेळी त्यांचा गडी उजवीकडून पळत आला, कय्यूमभाईंनी मान वळवली, आणि त्यानं न मारता चेंडू मधल्या गड्याला दिला. त्यानं उचलून मारला. मी अंग आवळून घेतलं. आता खट् होणार, आता होणार...

झालंच नाही.

चेंडू माझ्यापर्यंत आला नाही. कय्यूमभाईंच्या डाव्या डोळ्यावर बसला. चांगल्या डोळ्यावर. गोल वाचला म्हणून लांबचे लोक टाळ्या वाजवत होते. हुस्नबानो जाळी वर सारून, माझ्यावरून उडी मारून आत आली. एवढ्या सगळ्या 'खट्'पेक्षा तिच्या त्या ओरडण्यानं मी जास्त हादरले.

तो डोळा गेला. उजव्याचा मोतिबिंदू पिकल्यावर काढता येईल, मग थोडं दिसेल, असं डॉक्टर म्हणाले. तोवर कापूस पिंजायचा तो हातानं चाचपून आणि कानानं ऐकून.

रंगराव भेटायला गेले. साखरेची पुडी नेली, डोळ्यांत पाणी आणलं. खरं पाणी होतं ते, खोटं नव्हे. हुस्नबानोनं पुडी घेतली नाही. म्हणाली, "भाऊ, एक काठी पाठवाची होती. येवढीच बात होती. निवृत्तीची काठी शेगावच्या गाडीत टाकाची होती."

गावानं पुन्हा आशा धरली. शेगाववाले मोठ्या मनाचे. झालेलं ऐकून त्यांनी अपमान गिळला आणि शकीलची काठी दुसऱ्यांदा पाठवली. आता तरी! आता तरी कोण थांबेल? पुंजाजीनं तर निवृत्तीच्या गळ्यात हार घालायचा तेवढा बाकी ठेवला होता.

रंगरावांनी लाल दोऱ्याची काठी त्याच कोपऱ्यात टेकवली, आणि सरावाला येऊन निवृत्तीला म्हणाले, "निवृत्ती, पुढच्या मॅचले तूच उभा राह्य गोलात."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"मी?" निवृत्ती म्हणाला. "भाऊ, मी पयनारा गडी. गोलात उभा राहून काय करू?"

"शिकशीन हळूहळू. कय्यूम काय पोटातून शिकून आलता?"

"अन् मग शकीलची काठी?"

"हाय न ती घरात. घाई काय हाय?"

मग मंजुळाबाईनं शेंगांची टोपली खाली ठेवली आणि रंगरावांच्या तोंडावर विचारलं, "आता याचाबी डोया घेता का?"

पुंजाजी घरी जाऊन पकड आणि पेचकस घेऊन आला. गोलात शिरला, माझ्यापुढं बसला आणि माझे स्क्रू काढू लागला. ज्यानं मला बसवलं त्याच हातांनी. रंगराव म्हणत होते, "अरे, काय करून राह्यला तू?" पण गोलामागची सगळी माणसं भोवती उभी होती, त्यांना पुढं येता येईना. मला चौघांनी खांद्यावर घेतलं. मी भ्यायले, खोटं कशाला सांगू. वाटलं, चुलीत घालतात की काय. पण वरात निघाली ती रंगरावांच्या घराकडं. तिथं ओसरीच्या कठड्याला, त्यांच्या बैठकीच्या बरोबर समोर, पुंजाजीनं मला ठोकलं. निवृत्तीनं आपली काठी मला टेकवून ठेवली.

"भाऊ," पुंजाजी म्हणाला, "ही काठी शेगावले जाईन तवा फळी वापस गोलात जाईन. तोपर्यंत या गावात हॉकी बंद. तुमीच राखा आता गोल."

तेव्हापासून मी इथं आहे. एका बाजूला निवृत्तीची काठी, समोरच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची. दोन्हींच्या मध्ये रंगराव, पानाचा डबा उघडत, मिटत. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण खाली वाकतो, एक खडा उचलतो आणि माझ्यावर नेम धरतो. खट्! वावरात निघालेला मारतो, वावरातून आलेला मारतो. एकदा रंगरावांच्या भाच्यानंही, इकडंतिकडं पाहून, हळूच एक मारला. दर वेळी रंगराव दचकतात. पान हातातून पडतं. मला ठाऊक आहे तसं दचकणं. अख्खं आयुष्य तेच केलंय मी. पण कीव येत नाही.

आज हुस्नबानो कय्यूमभाईंचा हात धरून इथून चालली होती. ते थबकले. हात पुढं करून मला चाचपलं. डांबरावरचे चेंडूचे वण त्यांच्या बोटांना ओळखीचे होते.

"ही आपली फळी हाय. इथं काऊन?"

मग ते ओसरीकडं तोंड करून म्हणाले, "भाऊ, बसले हा का? शकीलची काठी गेली, का हाय?"

"हाय, हाय," रंगराव घाईघाईनं म्हणाले. "उद्या बाजार हाय न. उद्याचा बाजार होऊ दे, मंग..."

कय्यूमभाई हसले. वाईट हसले. हुस्नबानोनं त्यांचा हात सोडला, खाली वाकली, खडा नाही, चांगला मुठीएवढा दगड उचलला आणि दोन पावलांवरून माझ्यावर मारला. माझ्या अंगातून एक ढलपी उडाली. रंगराव बैठकीवरून उठून उभे राहिले, कबुतरं उडाली, आतून बाया धावत आल्या.

मी दचकले नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

रंगराव, 'हो' म्हणा. नाहीतर 'नाही' म्हणा, ती काठी मानानं परत करा आणि मॅनेजरकी सोडा. तुमचं चुकेल, लोक हसतील, हसू द्या. हसण्यानं कुणाचा डोळा जात नाही. आणि बाकीच्यांनो, उद्या बाजार आहे, सगळे याच रस्त्यानं जाल. हात आखडू नका. त्या दोन काठ्यांपैकी एक जागची हलेपर्यंत जोरात मारा. मी सागाची आहे, तोवर टिकेन.